ट्यूलिपचा ग्लास

रॉजर डिसोजानं जहाजावरून सहा ग्लास आणले,
खोक्यातून पाच निघाले.
सहावा कुडाळच्या स्टँडवर, हमालाच्या खांद्यावरून…
त्याबद्दल कोणी बोलत नाही.

त्याच्या काकानं, पास्कूनं, ते धुतले, पुसले, पुन्हा धुतले,
मालवणच्या धक्क्याकडं उतरताना चार टेबलांचा त्याचा बार,
तिथं काउंटरवर ओळीनं मांडले:
खाली दांडी, मध्ये पोट,
वर जरा आत वळून पुन्हा बाहेर उमललेला ओठ.
"हेका ट्यूलिप म्हणतत," पास्कू म्हणाला.
आमच्यात ट्यूलिप कोणी बघितलेलं नव्हतं.
"अबोलीएवढा असता काय ता?" जनू केळुसकरनं विचारलं.

तोवर आम्ही जाड काचेच्या ग्लासातून प्यायचो,
चहाचे, तळाशी आकडा असलेले.
ज्याचा आकडा मोठा त्यानं चखणा द्यायचा.
काच संपली की स्टीलचे पेले,
त्यांत बिअर दिसत नाही,
किती उरली ते वजनावरून.

रॉजर सांगत होता: तोंड अरुंद, म्हणून फेस टिकतो,
वास वर साठून राहतो, नाक आत जातं,
अर्धं पिणं पिण्याआधीच होतं.
नाक!
मी बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली.
एका रात्री अमोनियाचा व्हॉल्व्ह सुटला,
सगळे पळाले, मी बंद करून आलो.
मालकानं शाल दिली, नारळ दिला.
त्या दिवसापासून मला सुका बांगडा आणि सुरंगी
सारख्याच अंतरावर आहेत,
म्हणजे कुठंच नाहीत.

तेव्हा निकाल जनूनं द्यायचा ठरलं.
जन्मभर माडावर चढलेला माणूस,
मडक्यात नुसता डोकावून सांगायचा
माडी आज कशी आणि संध्याकाळी कशी होईल.
पास्कूनं त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला,
एकच बाटली तिघांत ओतली.
जनूनं स्टीलला ओठ लावला, हसला.
चहाच्या ग्लासाला म्हणाला, "ह्यो आपलो."
तिसऱ्याला मात्र थांबला.
पंखा फिरत होता, टेबलावरचं मेणकापड एका कोपऱ्यात फडफडत होतं.
पुन्हा एक घोट. पुन्हा थांबला.
"चव तीच असा," म्हणाला,
"पण ह्येतसून घाय करूक जमणा नाय."
टॉवेल सोडून वर आणखी बोलला
की खरी गोष्ट करवंटीची,
धुरावर काळी झालेली, आतून बोटानं गुळगुळीत केलेली,
ती तोंडाला लावली की माडाचं झाड आपल्याला ओळखतं.
रॉजरनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.
कशाला, कोण जाणे.

मग माझ्यापुढं आला.
मी रीतीप्रमाणं नाक आत घातलं. थंडावा.
फेस नाकाच्या शेंड्याला लागला, सगळे हसले.
पुसायला मान वळवली
आणि ग्लास कानाशी आला.

सुकतीला लाट मागं जाते
तेव्हा ओल्या वाळूत कुर्ल्यांची भोकं बारीक बोलतात ना,
हजार तोंडांनी, कोणालाच उद्देशून नाही,
तसं.
काचेच्या त्या वळलेल्या ओठात सगळं साठलेलं.
बनवणाऱ्यानं वासासाठी कोंडून ठेवलेली जागा,
तिथं मला भलतंच काही राखून ठेवलेलं सापडलं.
मी एवढा वेळ तसाच बसलो
की जनू म्हणाला, "मेलो कानान पिता!"

बिअर चांगली लागली का?
फेस बसेपर्यंत ती कोमट झाली होती.
पाणचटच म्हणायची.

आता चार उरलेत. एक पास्कूच्या बायकोनं
सोलकढीला नेला, तो परत येत नाही.
ट्यूलिपला पाच रुपये जास्त, पाटीवर खडूनं लिहिलंय.
जनू देत नाही, भांडतो, चहाचा ग्लास उलटा करून आकडा बघतो.
मी देतो.
संध्याकाळी बारमध्ये कोणी नसताना जातो,
पास्कू काही न विचारता रेडिओ बंद करतो.