कूलरचं पाणी

तांडापेठेत मोठी गाडी शिरत नाही.
हनुमानाच्या ओट्यापाशी अडते
आणि तिथून पुढे आम्ही:
दिगांबर हेडाऊ, आयटीआयमधली सुषमा नंदनवार,
अंडेवाला रफीक, कारण त्याला शिट्टी येते. आणि मी.
एक शिट्टी म्हणजे पाणी सोड. दोन म्हणजे बंद.
तीन ठरलीच नव्हती.

ढोके साहेब रविवारी शाळेच्या मैदानावर शिकवायचे:
पाइप दुमडून गुंडाळा, दोन्ही तोंडं बाहेर,
फेकला की उलगडला पायजे, गाठ न पडता.
नर तोंड आगीकडे, मादी पाण्याकडे.
खट्ट आवाज येईस्तोवर ढकला.
खट्ट नाही तर जोड नाही,
मग तोंडावर पाणी घेऊन घरी जा.

पहिल्यांदा तो पाइप हातात घेतला
तेव्हा माझी बोटं आपोआप काठ शोधत राहिली.
काठच नव्हता.
बिनशिवणीचा, गोल विणलेला,
ताणा लांब आणि बाणा वेढे घेत गेलेला.
चाळीस वर्षं लुगडी विणली बापाने.
त्याला दाखवला असता, तर त्याने आधी
कोणत्या मागावरचा, हेच विचारलं असतं.

सुताचं गोदाम पेटलं ते एकोणीस मेच्या रात्री,
अकरा वाजताही भिंतीला हात लावून उभं राहता येत नव्हतं.
चौकापासून पाच पाइप, पंचाहत्तर मीटर,
दोन वळणं, एक उघडी नाली, एक झोपलेला बैल.
रफीकने शिट्टी मारली.
चपटा पाइप फुगत आला
माणूस झोपेत कूस बदलतो तसा,
आणि माझ्या काखेतला ब्रांच जड झाला.

गाडीतलं पाणी दहा मिनिटांचं.
दुसरा टँकर निघाला होता,
पण पाचपावलीच्या पुलावर वरात नाचून रायली होती.
विहिरीत सक्शन सोडला, छोटा पंप नुसता खोकला.
पाणी तीस फुटांवर.
साहेब सांगायचे: पंप पाणी ओढत नाही रे,
वरची हवा त्याला खालून ढकलते,
चोवीस फुटांपलीकडे तिचाही जोर नाही.

दिगांबरने कापडी हौद गल्लीतच उघडला.
रिकामा. आम्ही त्याच्याकडे बघत उभे.

पहिली बादली लीलाबाई परातेची.
नळावरून सात वर्षं आमच्या घराशी बोलत नाही ती.
तेव्हाही बोलली नाही.
आपल्या कूलरचं पाणी हौदात ओतलं आणि वळली.
मग मागून घमेली, पातेली, दुधाची कॅन,
कोणीतरी कूलरची टाकीच उचलून आणली, हिंदकळत.
चाळीस घरं, घरटी साठ लिटर.
हिशोब मी नंतर केला. तेव्हा फक्त
चौकातून उलट पळत आणलेला पाइप,
खट्ट,
आणि सुषमा हौदात गुडघाभर,
चाळणीला चिकटणारा ताट्यांचा भुसा ओरबाडत:
"काऊन थांबला बे? मार शिट्टी!"

बारा मिनिटं.
जळत्या सुतावर खसाचा वास पडत होता,
अर्ध्या तांडापेठेची झोप
माझ्या हातातून जात होती
आणि मी ती भिंतीच्या कडेकडेने मारत होतो,
शेजारच्या घराकडे आग सरकू नये एवढंच.
तेराव्या मिनिटाला टँकर. ड्रायव्हरच्या केसांत गुलाल.

लाइन दोनला आली.
सगळे पंखे फिरले, सगळे कूलर कोरडे,
गल्ली ओट्यावर बसून राहिली उजाडेपर्यंत.

सकाळी नळ आला.
लीलाबाईने आपला कूलर भरला,
मग नळी आमच्या खिडकीतून आत सोडली
आणि तोंड फिरवून उभी राहिली.

पाइप धुऊन कडुनिंबाला टांगलेत.
एकाला खिळ्याने भोक पडलंय.
साहेब म्हणाले, फेका.
मी घरी आणला.
उजेडात धरून बघतोय,
बाण्याचे नऊ तुटलेत, ताण्याचे चार.