येण्याचे कारण

लॉजच्या वहीत शेवटून दुसरा रकाना:
येण्याचे कारण.
वर कुणीतरी लिहिलंय 'कोर्ट',
त्याखालच्या तिघांनी नुसती दोन टिंबं दिलीत,
मग 'लग्न', मग 'दवाखाना'.
मी लिहिते, पर्यटन.
मॅनेजर वही स्वतःकडे फिरवून घेतो.
"धुळ्यात?"

गेल्या मे महिन्यात असाच दीड दिवस होता हाताशी
ल्युब्लियानात.
पाठीवर एक सॅक, पायात मऊ बूट.
नदीवरचे पूल मोजले, टेकडीवरचा किल्ला चढले,
बाजारात उभ्यानं सूप प्यायले,
दिसेल त्याला अरे वा म्हटलं.
कुणी विचारलं नाही, कुणाची तू.

तीच रीत इथं लावून बघते.

पांझरेत पाणी घोट्याइतकं.
पुलावरून फोटो काढते,
तर शेजारचा सायकलवाला थांबतो,
माझ्या फोनच्या दिशेनं बघतो,
तिथं असं काय आहे म्हणून,
आणि मी निघाले तरी
तो बघतच राहतो.

गल्ल्यांना इथं आकडे.
कुण्या साहेबानं पट्टी ठेवून ओढलेल्या रेघा.
तिकडं नकाशा विकत घेतला होता,
हे तर मला पाढ्यासारखं पाठ.
चार, पाच.
सहावीत वरची खोली आमची, भाड्याची;
एसटीतून आल्यावर वडील
जिन्याच्या लोखंडी कठड्यावर खाकी शर्ट वाळत टाकायचे.
आता खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान,
वर त्याचंच गोदाम.
पाटी वाचली. फोटो काढला.
एक कव्हर घेतलं, आठवण म्हणून.
माझ्या फोनला बसत नाही.

(खरं कारण सॅकच्या आतल्या कप्प्यात होतं:
वडिलांचं खातं बंद करणं.
बँकेत दोन सह्या, सात मिनिटं.
बाईंनी पासबुकाचा कोपरा कापला
आणि विचारलं, चहा घेणार का?)

लळिंगला रिक्षावाले भिकनभाऊ म्हणाले,
वर काय आहे, दगडं.
मग म्हणाले, एकट्या नका जाऊ.
मग चपला हातात घेऊन माझ्या पुढेच चढले.
बावीस वर्षं ते या डोंगराखालून सवारी नेतात.
वर वारा. खाली हायवेचे ट्रक, आवाज नसलेले.
धुळं कुठंय ते त्यांनी बोटानं शोधलं,
बोट बराच वेळ तिथंच ठेवलं.
"आपलं गाव इतलंच शे?"
परतीचं भाडं त्यांनी निम्मंच घेतलं.
का, ते सांगितलं नाही.

रात्री देवपुरात, मंजाबाईंच्या खानावळीत
उलट्या खापराखाली जाळ.
पुरणाचा मांडा त्यांच्या कोपरापर्यंत लोंबतो,
या हातावरून त्या हातावर,
बांगड्या मागं सारलेल्या,
आता फाटेल, आता फाटेल,
आणि फाटत नाही.
मी फोन काढायची विसरते.

ताटात शेवभाजी, कळण्याची भाकरी,
हातानं फोडलेला कांदा.
"कथाईन उनी व माय?"

पुणं म्हणता आलं असतं.
"आठलीच शे," म्हणाले,
इतकी वर्षं न वापरलेल्या तोंडानं,
शब्द जरा तिरपे पडले.
बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
बूट पाहिले.
"मंग तिखं झेपी तुले."
आणि आणखी एक पळी तर्री.

झेपलं नाही.
नाक, डोळे, कान, सगळं वाहायला लागलं.
पोरानं न सांगता ताक आणून ठेवलं.
वाटी मी भाकरीनं पुसून खाल्ली.

सकाळी किल्ली परत देताना मॅनेजर:
"मग? काय काय पाहिलं?"
सांगता सांगता माझी नजर वहीवर गेली.
रात्री कुणी उशिरा आलेला,
सही अशी की नावही लागत नाही;
कारणाच्या रकान्यात त्यानं, बहुधा झोपेत,
माझ्या शब्दाखाली
दोन टिंबं दिली होती.