उघाडी

दिवा गावात, ऐरोलीच्या टोकाला माझं मेडिकल.
समोरचा रस्ता खाडीकडे उतरतो,
आणि तिथूनच वर येते पदीबाय मढवी,
गुडघ्यावर हात, दर दहा पावलांवर थांबा.

आज तिने अख्खी पिशवी काउंटरवर पालथी केली.
तीन पाकिटं.
एक हाडांच्या डॉक्टरचं, एक थायरॉईडच्या डॉक्टरचं,
एक भाचीने असंच कुणाला तरी विचारून आणलेलं.
नावं तीन, रंग तीन,
आणि मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांत
तिन्हींमध्ये तेच : कॅल्शियम.

"तिन्ही घेतेस?"
"सकालीच. चाय घेतली का थायरॉयची गोली, न् या तिनी.
येकदा गिलल्या का दिवस मोकला."

दोन पाकिटं मी बाजूला सारली.
शुक्रवारी डॉक्टरकडे जाशील तेव्हा तिन्ही समोर ठेव,
कुठलं चालू ठेवायचं ते त्यांना ठरवू दे.
थायरॉईडची पहाटे, एकटी, नुसत्या पाण्याबरोबर.
त्यानंतर चार तास ही तिच्या आसपास फिरकायची नाही.
ही जेवणावर, भाताच्या मागोमाग.
दोन सांगितल्या तर एक दुपारी, एक रात्री, दोन्ही एकदम नाही.
अंग एका वेळी पेलतं तेवढंच घेतं.
आणि तुला कधी मूतखडा...

तिचा हात आपसूक कमरेवर गेला.
गेल्या शिमग्याला, होळी पेटत होती तेव्हा.
"सांगितलंस डॉक्टरांना?"
"त्यांनी इचारलाच नाय."

मी पाकिटावर सूर्य काढायला घेतला,
शेजारी चंद्र, शेजारी ताट.
तिने माझं पेन धरलं.
"नको लिवू. कलला मना.
बापूस माजा मिठागरान व्हता.
खारीचा पानी उघारीतून थोरा थोरा घ्याचा,
मंग मीठ परतं.
उघारी आख्खी मोकली सोरली
तं बांध पन जातो न् मीठ पन."

मी चार वर्षं शिकले होते हेच,
परीक्षेला, इंग्रजीतून.

मग तिने ते एक पाकीट उलटंपालटं केलं.
"यो बनवतान कशाचा?"
वाचून सांगितलं : शिंपल्यांची भुकटी.
ती इतकी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं.
"चालीस वरसा चिखलान उतरून कालवा काढली,
मांस इकला, शिंपा वाटंवर फेकल्या.
आता त्याच शिंपा तुज्याकरशी इकत घेतंय!"

फोडलेली पाकिटं परत घेता येत नाहीत,
यावर आमची थोडी हुज्जत झाली.
मी हरले नाही, तीही नाही.
पायरी उतरताना वळून म्हणाली,
"आन सुक्या मांदेलीन किती असतंय गो?"

आकडा मला सांगता आला नाही.
खा, म्हटलं, काट्यासकट.
पण खारटपणा बघून.