आजारी फेटा

नववीच्या वर्गात फळ्यावर शब्द लिहिला: इल-फेटेड.
खडू ओला, शेवटचं अक्षर उमटलंच नाही.
अर्थ कोण सांगेल म्हटलं, तर मागच्या बाकावरून
लोकेश निखाडे उठला, कॉलर नीट करत.
“इल म्हंजे आजारी जी मॅडम.
म्हंजे... आजारी फेटा.”

पोट्टे बाक वाजवून हसले.
मीही हसले. फेटा आणि त्याला ताप,
थर्मामीटर खोचायचा कुठं, तुऱ्यात?
हसता हसता खिडकीकडे पाहिलं
आणि तोंड मिटलं.

रागिणी मारबते वहीत समास आखत होती.
आखलेलाच समास, पुन्हा.

मग मी घाईनं शब्दकोशात शिरले.
दुर्दैवी, अभागी, कमनशिबी, लिहून घ्या.
वापर: बहुधा प्रवासाला लागतं हे विशेषण,
जहाजाला, मोहिमेला, क्वचित लग्नाला...
आणि शब्द तोंडातून सुटून गेले होते.

दोन वैशाखांमागची गोष्ट.
धरणाचं पाणी मागं सरकून आल्यापासून
वैनगंगेला आमच्या घाटापाशी तळच उरला नाही.
पलीकडच्या गावाला वऱ्हाड निघालेलं,
डोंगा रागिणीच्या बापाचा.
माणसं दुसऱ्या दिवशी सापडली.
फेटे तीन दिवस येत राहिले,
गुलाबी, सुटलेले, लांबच लांब.
एक तर म्हशीच्या शिंगात अडकून
संध्याकाळी थेट गावात आला,
आणि कोणी तो सोडवायला पुढं होईना.

पेपरात आलं: दुर्दैवी नाव.
गावात आलं: मारबत्याची बायको पांढऱ्या पायाची.
त्या घाटाच्या गाळात
पाय पांढरे राहतात तरी कोणाचे?

मी वर्षानुवर्षं शिकवते,
विशेषण नामाच्या आधी येतं.
येतं ना. लिहिताना आधीच येतं.
पण हे एक असं, की बुडाल्यावर पोहत येतं
आणि पुढं जाऊन बसतं,
जणू पहिल्यापासून तिथंच होतं,
जणू सुताराने लाकूड तासतानाच
ते नावेच्या नाकाडावर कोरलं होतं.

हे मी वर्गात बोलले नाही. हे आत्ता सुचतंय.
वर्गात मी म्हटलं, “काही शंका?”

रागिणी उभी राहिली.
“नाव नव्हती जी ते. डोंगा होता.”
मग जरा थांबून,
“सकारी सात वाजता त्याले कोनतं विशेषण होतं, मॅडम?”

पंखा नव्हता चालू, वीज गेलेली,
तरी सगळे वर पंख्याकडे पाहत होते.

तिनंच सांगितलं मग.
“बाबानं आदल्या दिशी डांबर लावलं होतं.
काळा कुळकुळीत दिसे.”

घटक चाचणीत रिकामी जागा होती,
कंसात चार शब्द, त्यातला एक निवडायचा.
तिनं चारही सोडले
आणि बाहेरचा एक आणून बसवला: ब्लॅक.
ब्लॅक बोट सकाळी सातला निघाली.

उत्तरपत्रिकेशी ताडून पाहिलं. जुळत नव्हतं.
लाल पेन उघडून ठेवला, मांडीवर डाग पडला.
पुन्हा वाचलं, मोठ्यानं, स्वयंपाकघरात एकटीच.

व्याकरणात चूक नव्हती.