फॉल्ट सात

रात्री दोन दहाला उशाखाली फोन थरथरला.
पठारावरचा इन्व्हर्टर म्हणाला, फॉल्ट सात.
म्हणजे झेपलं नाही.
म्हणजे एवढ्याशा खांद्यावर
कुणीतरी अख्खं बोचकं टाकलं.

मी उद्यमनगरात, लेथच्या वर, दुसऱ्या मजल्यावर.
खाली दिवसभर लोखंड सोलतात,
त्याचा वास रात्रीही जिन्यात बसून असतो.
तो गगनबावड्याच्याही वर, धनगरवाड्यावर.
सात घरं, एक अंगणवाडी, चार पॅनेल, चार बॅटऱ्या,
आणि सरकारी तारेचा शेवटचा खांब
तीन डोंगर अलीकडेच दमून थांबलेला.

पहिल्या वर्षी एक गाढवपणा केला होता.
मोडेमला वीज दिली ती इन्व्हर्टरचीच.
तो पडला की हाही पडायचा,
आणि मी इथून हाका मारत बसायचो,
किल्ली आत खुंटीला, आणि बाहेर कडी वाजवणारा मीच.
मग बालिंगा, कळे, साळवण,
शेवटचे तीन किलोमीटर पायी, जळवा उपटत,
आणि वर पोचून करायचं काय?
बटण खाली. दहा आकडे. बटण वर.
सगू झोरे शेजारी उभा.
"एवढ्यासाठी आलासा व्हय?"
आणि ताकाचा तांब्या पुढं करायचा.

आता मोडेम थेट बॅटरीवर.
राखणदाराची चूल वेगळी मांडलीय.
मी मेसेज टाकतो, तिकडे रिले टिक् करतो.
तो टिक् इथवर येत नाही, ठाऊक आहे,
तरी दर वेळी कान देतो.

वाड्यावरची माणसं मी वॉटवरून ओळखतो.
नऊ: लांबोरांच्या गोठ्यातला दिवा, पहाटे चारला.
साठ: अंगणवाडीचा टीव्ही. रविवारी लागला
तर समजायचं, बघणारी पोरं नाहीत.
तीनशे सत्तर: बयाक्काने ताक घुसळायचं मशीन घेतलं,
मला कुणी सांगितलं नाही,
आलेखानेच चहाडी केली.

आजचा आकडा अनोळखी. पंधराशे.
पाणी तापवायची कांडी.
एवढ्या रात्री अंघोळ कुणाची?
चुली काय संपावर गेल्या?

रीस्टार्ट. एकवीस सेकंद. फॉल्ट सात.
रीस्टार्ट. एकोणीस.
सगूचा फोन बंद.
मोडेमला रेंज आहे, त्याला बारा फुटी बांबूवर चढवलंय.
माणसाला कोण चढवणार?

बॅटरी चोवीस टक्के.
विसाला गप झोपायचं, हे मीच शिकवलंय तिला.
दोनदा पडला तर सकाळपर्यंत हात लावायचा नाही,
हेही माझ्याच अक्षरात, भिंतीवर.
अंधारात ते अक्षर वाचता येत नव्हतं,
एवढं एक बरं होतं.
विसाचे पंधरा केले. पासवर्ड दोनदा चुकला.
रीस्टार्ट.

सत्तावीस वॉट.
तीन दिवे.
मिनिट गेलं, दहा गेली, ते सत्तावीसच.
मी पाणी प्यालो, परत बघितलं. सत्तावीस.
साडेतीनला आमच्याच गल्लीतली लाइट गेली,
पंखा थांबला, घाम सुटला,
आणि हातातल्या उजेडात त्यांचे तीन दिवे चालूच.

नवाला फोन आला, आंब्याखालून, वाऱ्यासकट.
"म्हस आडली हुती, सायेब. रेडकू उलटं.
लाकडं वली, चूल पेटंना,
म्हणून ल्योकानं कांडी घातली बादलीत.
दिवं गेलं, आलं. गेलं, आलं.
मी म्हटलं, सायेब कायतर सांगाय लागल्यात.
काढ म्हटलं ती कांडी."

मी काहीच सांगत नव्हतो, सगू.
मी नुसता उठवत होतो.

"रेडकू हुभं ऱ्हायलंय.
चीक ठेवलाय तुमास्नी. कवा येतासा?"

धुकं आहे. पॅनेलवर अजून चाळीस वॉटच.
बॅटरी सतरा, पण चढतेय.
फॉल्ट: काही नाही.
चीक काय, दोन दिवसांच्या वर टिकत नाही,
आणि तिकडे जायला कारण उरलेलं नाही.
मी यादी वरपासून परत वाचतोय,
निदान एखादी वॉर्निंग तरी.