लोहचुंबकाला न चिकटणारे

हेडलीने काउंटरवर तीन डबे ठेवले
आणि विचारलं, किती वर्षं टिकायला हवं?
तो सगळ्यांनाच विचारतो.
पण माझ्या शेजारी चाकांच्या खुर्चीत आई होती,
येत्या ऑगस्टमध्ये एकोणऐंशी.
ती म्हणाली, स्वस्तातले दे बाबा,
माझ्यापेक्षा जास्त जगणाऱ्या स्क्रूचं मी काय करू?

हेडली हसला नाही.
पहिल्या डब्यात पिवळसर, जस्ताचा नुसता हात फिरवलेले.
घरातल्या कपाटाला ठीक.
आमच्या पिंचर्ड कोव्हमध्ये दोन हिवाळे,
मग एकेका डोक्याखालून तपकिरी ओघळ.
दुसऱ्यात उकळत्या जस्तात बुडवून काढलेले,
खरखरीत, मेणबत्तीच्या बुडख्यासारखे.
तिसऱ्यात स्टेनलेस, तेही खाऱ्या वाऱ्यासाठीचे.
त्यांची किंमत ऐकली
आणि मला नाकापेक्षा मोती जड एवढंच सुचलं.

लाकडाला हल्ली तांब्याचं औषध पाजतात, हेडली म्हणाला,
कीड लागू नये म्हणून. ते लोखंडाला आतून खातं,
धुकं बाहेरून.
आणि दोन धातू एकत्र नांदवू नकोस,
ओल आली की एक दुसऱ्याला संपवतो.
म्हणजे आमचे एलियाकिम काका आणि काकू, आई पुटपुटली.

मला जुना ओटा दिसत होता.
बाबांनी तो घराला नुसता खिळ्यांनी ठोकला होता.
खिळा सरळ जातो, आणि ओढला की सरळ परत येतो.
मायर्टलच्या लग्नात चौदा माणसं, एक अकॉर्डियन,
भिंतीपाशी बोटभर फट,
मग वीतभर,
मग उभं असं कुणीच नव्हतं.
मेलं कुणी नाही. आईचा खुबा गेला.
बाबांनी सगळे खिळे वेचले,
रात्रभर ऐरणीवर ठोकून सरळ केले
आणि पुढे कशालाच वापरले नाहीत.

म्हणून भिंतीलगतच्या तुळईचं आधीच ठरलेलं:
अर्धा इंची बोल्ट, आरपार,
आतल्या बाजूला वायसर, नट,
आणि आठवड्याने पुन्हा एकदा पाना.
तिथे घासाघीस नव्हती.
प्रश्न फक्त पायाखालच्या फळ्यांचा.

आई म्हणाली, कॉड वाळवायचे मांडव
आम्ही दर वसंतात बांधायचो.
काठ्या, दोरी, वर फरच्या फांद्या.
मी नऊ वर्षांची, अनवाणी, त्या झुलत्या जाळीवर मासे उलटायचे.
हिवाळ्यात बर्फ सगळं घेऊन जायचा, आम्ही पुन्हा बांधायचो.
मांडव टिकावा असं कुणाच्या मनातही नव्हतं.
टिकायचा तो मासा.

मग तिने तिसऱ्या डब्यातला एक स्क्रू उचलला,
दोन बोटांत फिरवला.
हे घे, म्हणाली. का ते सांगितलं नाही.
हेडलीने मोजून तीनशे पन्नास दिले.

हिमनग कोव्हच्या तोंडाशी अडकून बसला होता
त्या आठवड्यात मी फळ्या बसवल्या.
आधी छिद्र पाडायचं, मग हळू पिळायचं;
हे महागातले मनाने मऊ, घाई केली की मान मोडून घेतात.
पाणी वाहून जावं म्हणून दोन फळ्यांत फट हवी,
तेवढ्यापुरता बाबांचा एक खिळा उभा धरायचा,
फळी पक्की झाली की काढून घ्यायचा.
पुढच्या फळीला पुन्हा तोच.
शेवटी तो माझ्या तळहाताइतका गरम झाला होता.

हातातून निसटलेले गवतात जायचे.
साधे असते तर लोहचुंबक फिरवला असता.
हे त्याला जुमानत नाहीत.
हे गुडघ्यांवर बसून, बोटांनीच शोधावे लागतात.

संध्याकाळी हिशेब केला. एक कमी.
अर्धा तास मी गवत विंचरत होते,
डास मानेवर,
आणि आई नव्या ओट्यावरून काठीने दाखवत होती,
तिथे, नाही नाही, जरा डावीकडे.

तिचा दुसरा हात स्वेटरच्या खिशात होता.