खालच्या दोन ओळी

घणसोली गावठाणात, जिथे दोन घरांमधून
माणूस अंग चोरूनच जातो,
वरच्या खोलीत रात्री मी एका जपानी तलवारबाजाला
मराठी बोलायला लावते.
जुनी मालिका, सव्वीस भाग, भागामागे ठरलेले पैसे.
एका वेळी दोनच ओळी, ओळीत छत्तीस अक्षरं,
वाचायला चार सेकंद.

पहिली अडचण, त्याला म्हणायचं काय.
भटक्या लिहिलं, तर कुत्रं आलं डोळ्यांपुढे.
मुशाफिर लिहिलं, तर मागे पेटी वाजू लागली.
फिरस्ता बरा होता,
पण फिरस्त्याला फिरण्याची हौस असते.
बाबा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभे होते.
"घर हाय त्याला," म्हणाले. "जात नाय तो."

तेव्हापासून रोज येतात.
तांदळाच्या पिंपावर बसतात. चष्मा खाली विसरलेला,
म्हणजे माझ्या ओळी वाचत नाहीत,
त्याची भाषा तर कळतच नाही.
"यो जेवतो कवा गो?"
मी मागे जाऊन पाहिलं. अकरा भागांत दोनदा,
दोन्ही वेळा उभ्यानेच.

त्याची तलवार म्यानाला बांधलेली, गवताच्या दोरीने.
म्यानासकट लढतो. समोरचे हसतात,
मग हसत नाहीत.
बाबा दोरीची गाठ बघतात,
दुसऱ्याने विणलेलं जाळं बघावं तशी.

एकोणिसावा भाग.
एक मुलगी विचारते, दोरी कशाला?
तो सांगतो. एकच वाक्य, आणि त्यात कर्ता नाही.
त्यांच्यात चालतं तसं,
करणारा वाक्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहू शकतो.
आपल्याकडेही सोय आहे.
मी लिहिलं: माझ्या हातून माणूस गेला.
हात वेगळा, मी वेगळा,
पेला निसटावा तसा माणूस.
अक्षरं मोजली. बसत होती.

"काय लिवलास?"
वाचून दाखवलं.
पंखा बराच वेळ फिरला.
"हातून नको."

ठाणे-बेलापूर रस्त्याला आज जिथे काचेची इमारत आहे
तिथे रंगाचा कारखाना होता.
नाल्याचं पाणी सोमवारी जांभळं, गुरुवारी पिवळं.
संपाचा पाचवा महिना, दुसरी पाळी, गेट.
जुन्नरकडचा गुलाब दांगट डबा घेऊन आत निघालेला.
लोखंडी सळई. गुडघा.
एवढं मला आईकडून ठाऊक, तुकड्यातुकड्यांत,
आणि दर वेळी "ह्यांच्या हातून".

लहानपणी काडेपेटी आणायला
बाबा मला कोपरखैरण्याला पाठवायचे, दांगटांच्या दुकानात.
गावात चार दुकानं असताना.
एक पाय ताठ असलेला माणूस
उरलेल्या पैशांवर एक लिमलेटची गोळी ठेवायचा.
मी कुणाची, त्याला माहीत नसावं.
किंवा असावं.

"मी मारला त्याला. असा लिव."

मराठीत मारणं एकच.
हात उगारला तरी तेच, जीव घेतला तरी तेच.
बाबा कुठलं म्हणाले, मी विचारलं नाही.
आधीचं पुसलं.
मी मारलं त्याला.
वरच्या ओळीत एवढंच. खालची ओळ रिकामी.
कॉम्प्युटरने लाल खूण केली,
इतक्या कमी शब्दांना चार सेकंद जास्त होतात.
राहू दिले.

सकाळी खाली ठक ठक.
बाबा नारळ फोडत होते, नेहमीसारखा,
कोयत्याच्या पाठीने.

विसाव्या भागात तो पुन्हा चालायला लागतो.
बांध, पूल, एक बंद देऊळ, कावळे.
त्या रात्री मासळीचं कालवण होतं, बाबांना उशीर झाला.
हात पुसत वर आले, पिंपावर बसले.
"आज तरी जेवला का?"